शकुनाचा एक शेअर

"फॉर्म भरायच्या आधी एक सांगा," मी म्हणाले. "धंदा कुणाचा?"

"आमचा," दोघे भाऊ एकदम म्हणाले आणि लगेच एकमेकांकडे बघायला लागले.

लेस्टरच्या बाहेरच्या वस्तीत उत्तम चौगुलेच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो. दोन हजार साल, मार्च महिना. उत्तम थोरला, सिटी बस चालवायचा. जालंदर धाकटा, एका गोदामात फोर्कलिफ्टवर होता. त्यांची आई हौसाबाई आमच्याकडे पाठ करून खोबरं भाजत उभी होती. धंदा तिच्याच चटणीचा. मिरजेत बावीस वर्षं खानावळ चालवून तिने या दोघांना वाढवलं, आणि दोघांनी विलायतेत बोलावून घेतल्यावर तिने इथे पुन्हा कांदा-लसूण कुटायला घेतला. शनिवारच्या बाजारात बरण्या हातोहात जायच्या. आता एका मोठ्या दुकानदाराला दर महिन्याला चारशे बरण्या हव्या होत्या, पण त्याला बिल लागणार होतं कंपनीच्या नावाचं. म्हणून मला बोलावणं. मी सांगलीची, नाव नलिनी ओगले, काम हिशेबनिशीचं आणि परक्या मुलखात आपल्या लोकांच्या कंपन्या उभ्या करून देण्याचं.

"तीन वाटा आहेत," मी म्हणाले. "एक, धंदा एकाच्या नावावर."

दोघांनीही मान हलवली. नाही.

"दुसरी, भागीदारी."

"तीच," उत्तम म्हणाला. "भावाभावात आणखी काय असतं, ताई?"

"भागीदारीत एकाने केलेलं देणं दुसऱ्याच्या घरादारापर्यंत येतं. उद्या जालंदरभाऊंनी धंद्यासाठी गाडी उचलली आणि हप्ते थकवले, तर बँकवाला तुमचं दार वाजवणार."

उत्तमने धाकट्याच्या नव्या कातडी जाकिटाकडे पाहिलं. जालंदरने थोरल्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी घोड्यांच्या शर्यतीची पावती पाहिली.

"तिसरी कोणती?" जालंदरने विचारलं.

"लिमिटेड कंपनी. कंपनी बुडाली तर कंपनीचं बुडतं, तुमची घरं शाबूत."

"तसंच करा," उत्तम म्हणाला. भाऊपणाची मर्यादा अर्ध्या मिनिटात ठरली. एवढ्या झटपट ठरवणारी गिऱ्हाइकं मला कमीच मिळाली आहेत.

"शेअर किती? एकेक पौंडाचे शंभर करू. पन्नास यांचे, पन्नास त्यांचे. दोघेही डायरेक्टर."

तेवढ्यात शेगडीपाशी उलथणं थांबलं. "शंभर?" हौसाबाई वळून म्हणाली. "शंभर कुणी देतं का रे? आहेराला शंभराची नोट दिलीय का कुणी कधी? वर रुपाया लागतो. पुरा आकडा म्हणजे संपलं. एकशे एक करा."

"आई, हे लग्न नाही," जालंदर म्हणाला.

"लग्न मोडतं, धंदा मोडू नये. एकशे एक."

दोघे हसले. मीही हसले. मग प्रश्न आला की हा वरचा एक कुणाच्या नावावर. उत्तम म्हणाला, देवाच्या. मी म्हणाले, देवाला सही करता येत नाही. जालंदर म्हणाला, "मग आईच्या. तिचीच चटणी, तिचाच शकुन." दोघांना ते इतकं आवडलं की उत्तमने उठून आईला हात धुवायला लावले आणि खुर्चीवर बसवून सही घेतली. प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं, एकेक सुटं, मालगाडीच्या डब्यांसारखं.

इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पन्नास आणि पन्नासच्या मधला एक हा शकुन नसतो, चावी असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण घरात खोबऱ्याचा वास होता, तिघं हसत होती, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते बघायची मला हौस वाटली. मी फॉर्म पिशवीत टाकला.

चौगुल्यांकडे अर्धं-अर्धं करण्याची रीत जुनी होती. आईही त्यांनी अर्धी-अर्धीच वाटून घेतली होती. जानेवारी ते जून थोरल्याकडे, जुलै ते डिसेंबर धाकट्याकडे. पुढे जालंदरच्या बायकोने कॅलेंडर धरून मोजलं, तर पहिल्या सहामाहीचे दिवस निघाले एकशे एक्याऐंशी आणि दुसरीचे एकशे चौऱ्याऐंशी. तीन दिवस तिच्या पदरात जास्त पडत होते. त्यावरून दोन्ही जावांचं बोलणं बंद झालं. तो हिशेबही शेवटी माझ्याकडे आला. मी थट्टेत सांगितलं, वर्षाचा बरोबर मध्य दोन जुलैला दुपारी बारा वाजता येतो. त्यांनी ती थट्टा जशीच्या तशी घेतली. तेव्हापासून दरवर्षी दोन जुलैला दुपारी बाराला हौसाबाई आपली पेटी घेऊन एका गाडीतून उतरायची आणि दुसऱ्या गाडीत बसायची. दोन्हीकडे तिची खोली तीच असायची, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारची.

सात वर्षांत कंपनी वाढली. सहा बायका कामाला आल्या, भाड्याचा गाळा आला. बस सुटली, फोर्कलिफ्ट सुटली. मग जालंदरला मोठा कारखाना हवासा वाटायला लागला. कर्ज काढायचं, यंत्रं आणायची, खोबरं यंत्रात भाजायचं. उत्तम म्हणाला, यंत्रात भाजलं की चव मेली. जालंदर म्हणाला, दादाला चवीचं काही नाही, कर्जाला टरकतो. दोन हजार सातच्या जानेवारीत जालंदर एकटाच माझ्या ऑफिसात आला.

"ताई, दादाला डायरेक्टरवरून काढता येतं का?"

"येतं. सभा घ्यायची. त्याआधी अठ्ठावीस दिवसांची नोटीस द्यायची. सभेत ज्याच्या बाजूने जास्त शेअर, त्याचं खरं."

"पण पन्नास-पन्नास."

"आणि एक."

त्याने बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाला, "आई."

तिसऱ्या दिवशी उत्तम आला. त्याने तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं, आणि तोही त्याच ठिकाणी थांबून "आई" म्हणाला. मी कुणाशी दुजाभाव केला नाही. दोघांनी एकाच दिवशी एकमेकांना काढण्याच्या नोटिसा दिल्या. दोन्ही मीच टाइप केल्या.

आता ते अठ्ठावीस दिवस. कायदा करणाऱ्यांनी ते ठेवले होते ज्याला काढायचंय त्याला आपली बाजू मांडता यावी म्हणून. चौगुल्यांकडे ते हौसाबाईचे दिवस झाले. पाळी उत्तमची होती. त्याने पहिल्याच आठवड्यात आईला यंत्राशेजारून उचलून खालच्या मोठ्या खोलीत आणलं, बागेकडे खिडकी असलेल्या. पाळी नसूनही जालंदरची बायको रोज डबा घेऊन यायची, कधी सांजा, कधी मऊ भात. उत्तमने विजेवर तापणारं पांघरूण आणलं. जालंदरने कानात घालायचं यंत्र आणलं, चांगल्यातलं. चार वर्षं म्हातारी "काय?" "काय?" विचारत होती तेव्हा ते कुणाला सुचलं नव्हतं. थोरली सून पाय चेपायला बसली की धाकटी तेलाची वाटी घेऊन डोक्याशी बसायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधे सासू आडवी.

सभेच्या आधी मी हौसाबाईला भेटायला गेले. नियम असा की भागधारकाला विषय समजला पाहिजे, आणि कागद सगळे इंग्रजीत. ती खिडकीशी बसली होती, पांघरूण गुडघ्यांवर.

"ये गं सांगलीवाले. बस. तुझ्या कृपेनं ऐकू यायला लागलंय बघ."

"माझी कसली कृपा, मावशी?"

"तूच न्हाई का त्यांना सांगितलंस, म्हातारीचा हात लागतोय म्हणून. मला समदं कळतंय." ती माझ्याकडे वाकली. "मला सांग, मी उत्तमवर हात उचलला तर?"

"उत्तमभाऊ जाणार. जालंदरभाऊंची कंपनी."

"आणि जालूवर उचलला तर?"

"उलटं."

"आणि कुणावरच न्हाई उचलला तर?"

"मग दोघेही जिथल्या तिथे. ठराव पडला."

"पडला की पुन्हा नोटीस देता येती?"

"येते."

"पुन्हा अठ्ठावीस दिवस?"

"पुन्हा अठ्ठावीस."

ती इतकी हसली की कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. बावीस वर्षं खानावळ चालवणारी बाई होती ती. महिन्याचे पैसे आधी दिलेल्या गिऱ्हाइकाच्या ताटात काय पडतं आणि ज्याचे अजून यायचेत त्याच्या ताटात काय, हे तिला मी शिकवायला नको होतं.

"मावशी," मी म्हणाले, आणि हे मी मनापासून म्हणाले, "हात असो नाहीतर सही, एकदा दिलीत की परत मिळत नाही. तोवरच ही खोली."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "चा घेणार? थोरलीला हाक मारते. धावत येती हल्ली."

सभा गाळ्यावरच झाली, शनिवारी सकाळी, चटणीच्या खोक्यांमध्ये चार खुर्च्या टाकून. दोघं मुलं आईला दोन्ही बाजूंनी दंडाला धरून घेऊन आली. मी पहिला ठराव मराठीत वाचला. उत्तम दत्तू चौगुले यांना डायरेक्टरपदावरून दूर करावे. जालंदरने हात वर केला. हौसाबाईचे दोन्ही हात शालीत.

"आई," जालंदर म्हणाला.

"खांदा धरलाय रे. वर होत न्हाई."

ठराव पडला. दुसरा वाचला. उत्तमने हात वर केला आणि आईकडे पाहिलं.

"दुसरा हात कर, आई. डावा चालतो. ताई, डावा चालतो ना?"

"चालतो," मी म्हणाले.

"तोबी धरलाय," हौसाबाई म्हणाली.

घरी गेल्यावर दोघांनी पुन्हा नोटिसा दिल्या. खांद्यासाठी उत्तमने मालिश करणारी बाई लावली. जालंदरने आईला समुद्र दाखवून आणला. मार्चमध्ये दुसरी सभा झाली, मे महिन्यात तिसरी. खांदा काही सुटला नाही. म्हातारीच्या गालांवर मात्र तकाकी आली. त्या चार महिन्यांत मी तिला जितकं हसताना पाहिलं, तितकं मागच्या सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिचा एकच हिशेब चुकला. मुलं एकमेकांच्या वाईटावर आहेत एवढं तिने धरलं होतं. सुना दमतील हे तिने धरलं नव्हतं. तिसऱ्या सभेनंतर थोरलीने धाकटीला फोन केला, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. "मोजलेस का?" म्हणाली. "तीन नोटिसांचे चौऱ्याऐंशी दिवस झाले." धाकटीने अर्थातच मोजले होते. त्या फोनला दोन तास लागले, असं मला नंतर थोरलीनेच सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे भाऊ माझ्या ऑफिसात बरोबर आले. एकाच गाडीतून. मला वाटलं, कुणी गेलं की काय.

"ताई," उत्तम म्हणाला, "आईचा शेअर तिच्याकडून काढून कसा घ्यायचा?"

"तिने सही करून दुसऱ्याच्या नावावर करून दिला तर. तो दुसरा कोण?"

उत्तमच्या नावावर करायला जालंदर तयार नव्हता, जालंदरच्या नावावर करायला उत्तम. अर्धा-अर्धा करा म्हणाले, तर अर्धा शेअर मी करून देत नाही म्हटलं. शेवटी जालंदरने एक नाव घेतलं. उत्तमने विचार केला आणि मान डोलावली. सात वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. ते नाव मी फॉर्मवर लिहिलं. लिहायला नको होतं, आमच्या धंद्याच्या नियमात बसत नव्हतं. अक्षर मात्र चांगलं आलं.

"आई सही करेल का?" मी विचारलं.

"ते आमच्यावर सोडा," जालंदर म्हणाला.

रविवारी मी कागद घेऊन गेले. दोन्ही कुटुंबं उत्तमच्या घरी. टेबलावर दोन्ही सुनांनी मिळून केलेला स्वयंपाक. हौसाबाई खुर्चीत बसली होती, आणि मी बघत असताना दोघे मुलगे पुढे आले, शेजारी-शेजारी वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन डोकी, एक टक्कल पडलेलं, एक पडत चाललेलं.

"मिटलं आमचं, आई," उत्तम म्हणाला. "तुझ्या त्या एका शेअरपायीच सगळं वाजलं. तो काढून टाकू. पुन्हा पन्नास-पन्नास, भावाभावाचं."

"खरंच मिटलं?"

"दादाची शपथ," जालंदर म्हणाला.

माणूस किती का शहाणं असेना, त्याच्यात एक जागा अशी असते जिथे त्याला मोजता येत नाही. हौसाबाईने दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवला. दोन्ही खांदे व्यवस्थित उचलले गेले, ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"पोरी, तू वाचलंयस न्हवं? करू का सही?"

खोलीत माझ्याखेरीज पाच माणसं होती आणि पाचही माझ्याकडे बघत होती. उत्तर द्यायला फार तर दोन क्षण लागले असतील. याच घरात, बागेकडच्या खिडकीशी मी तिला सांगितलं होतं, सही दिलीत की परत मिळत नाही. तेच वाक्य पुन्हा उच्चारायचं होतं, नवं काही शोधायचं नव्हतं.

"करा, मावशी," मी म्हणाले.

तिने मालगाडीचा एकेक डबा जोडत सही केली. मी पर्समधून एक पौंडाचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं, कारण शेअर फुकट दिला असं कागदावर नको होतं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं. मग सगळे एका टेबलावर जेवले. म्हातारीने दोघांना आपल्या हाताने वाढलं, मला आग्रह केला.

मंगळवारी ती पुन्हा यंत्राशेजारच्या खोलीत गेली. पुढच्या आठवड्यात तिकीट आलं. मिरजेत एक खोली भाड्याने घेतली होती, हवा मानवेल, भाषा आपली, असं दोघांनीही मला वेगवेगळं आणि शब्द न शब्द सारखं सांगितलं. विमान दोन जुलैचं, सकाळी सव्वाअकराचं. बारा वाजायच्या आत. धाकटीची सहामाही सुरूच होणार नव्हती.

विमानतळावर सोडायला मी गेले. उत्तमची पाळी संपत आलेली, जालंदरची लागलेली नाही, दोघांनाही गाळ्यावर काम. मी होय म्हणाले. तेवढं तरी करावं, असं वाटलं असेल. की तिला कळलंय का ते बघायचं होतं, ते आता सांगता येत नाही.

अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. कानातलं यंत्र काढून हातात धरलेलं. मग ते तिने पुन्हा कानात घातलं.

"तो शेअर कुणाकडं गेला गं?"

मी पुढची गाडी बघत म्हणाले, "माझ्याकडे."

मी आरशात पाहिलं. ती पदराची गाठ सोडत होती. वाटलं, आता नाणं माझ्या अंगावर फेकणार. तिने ते नीट निरखलं आणि पुन्हा बांधलं.

"म्हणजे हा तुझा व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरांनी दिला."

"मावशी, मी..."

"गाडी बघून चालव." थोड्या वेळाने तिचा आवाज आला, खानावळीत नव्या आचाऱ्याला समजावत असावी तसा. "एक ध्यानात ठेव. कितीबी पाया पडू देत, हात वर करू नगंस. केलास की तुझंबी तिकीट काढतील."

तिसऱ्या वर्षी ती मिरजेतच वारली. कार्याला दोघांपैकी कुणीच गेलं नाही. एक गेला असता तर दुसऱ्याने मागे सभा बोलावली असती, आणि बरोबर जायचं तर एका विमानात बसावं लागलं असतं. पैसे पाठवले, दोघांनी सारखे.

कंपनी अजून आहे. बरण्यांवर हौसाबाईचा फोटो असतो, नाकात नथ, जी तिने आयुष्यात कधी घातली नाही. दिवाळीला माझ्याकडे दोन डबे येतात, एक थोरलीचा, एक धाकटीचा, आणि दोघी दुसरीच्या चकल्या कशा झाल्या ते विचारतात. मागे मला ताप आला तेव्हा उत्तमने ते विजेचं पांघरूण आणून दिलं. जुनंच, पण चालतं. नोटिसा अधूनमधून निघतात. आतापर्यंत नऊ सभा झाल्या.

दहावी या शनिवारी आहे. काल संध्याकाळी धाकटी आली होती.

"ताई, खांदा कसा आहे?"

"दुखतो गं," मी म्हणाले. "दोन्ही."

ती उठली आणि तेल गरम करायला माझ्या स्वयंपाकघरात गेली.